घरखर्चाची पद्धत : कोणाला कोणती?

भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या चार वर्षांत भातशेतीच्या या मुलखात केवळ लोखंड वितळवणारी भट्टी आली असे नाही, तर महिन्याच्या ठरावीक सुमारास हाती पडणारा पगारही आला. शेतकऱ्याच्या घरचा हिशेब हंगामाने बांधलेला असतो. धान घरात आले की देणी फिटतात, लग्ने ठरतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंतची तजवीज होते. नव्या औद्योगिक नगरात आलेल्या माणसांना, मग ती आसपासच्या खेड्यांतली असोत की नागपूर-भंडाऱ्याकडून रेल्वेच्या वाटेने आलेली मराठी कुटुंबे असोत, एक वेगळीच विद्या शिकावी लागली. ती म्हणजे तीस दिवसांनी येणारी रक्कम तीस दिवस पुरवण्याची.

दुर्ग आणि भिलाई ही जोडनगरे जेथे एकमेकांत मिसळतात त्या पट्ट्यात बोरसी ही वस्ती आहे. अशा वस्तीतील एखादी गल्ली कल्पनेने डोळ्यांपुढे आणावी. एका घरात कारखान्याच्या कायम नोकरीतला मनुष्य राहतो. त्याचा पगार ठरलेला, त्यातून भविष्य निर्वाह निधी आधीच कापलेला, आणि घराच्या कर्जाचा हप्ताही ठरलेला. शेजारच्या खोलीत ठेकेदाराकडे हजेरीवर काम करणारा कामगार भाड्याने राहतो. त्याचे उत्पन्न भरलेल्या दिवसांवर अवलंबून. कोपऱ्यावर किराणा दुकान आहे. तेथे पैसा रोज येतो, पण त्यातील किती मालाचा आणि किती घरचा हे दुकानदारालाही संध्याकाळी सांगता येत नाही. आणि समोरच्या घरी निवृत्त जोडपे आहे, ज्यांच्या हाती आयुष्यात प्रथमच एकरकमी मोठी रक्कम आली आहे आणि ज्यांना यापुढे पगार मिळणार नाही. घरखर्चाचे अंदाजपत्रक कसे करावे हा प्रश्न या चौघांनाही पडतो. मात्र जे उत्तर एकाला तारील तेच दुसऱ्याला निरुपयोगी ठरेल, ही गोष्ट काटकसरीवरील बहुतेक पुस्तके विसरतात.

कौटुंबिक अंदाजपत्रकांचा शास्त्रीय अभ्यास एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. जर्मन सांख्यिक एर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्ये बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चावरून एक नियम मांडला : कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये गिरणगावातील व शहरातील इतर श्रमिकांच्या घरांची जी पाहणी केली, तिचा अहवाल फिंडले शिरास यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. २,४७३ कुटुंबांच्या त्या पाहणीत अन्नावरील खर्च एकूण खर्चाच्या सुमारे ५७ टक्के आढळला. परंतु अन्नाच्या आकड्यापेक्षा त्या अहवालातील दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. जवळजवळ निम्मी, म्हणजे ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती, आणि व्याजाचा रूढ दर रुपयास दरमहा एक आणा होता. सोळा आण्यांच्या रुपयावर महिन्याला एक आणा म्हणजे शेकडा सव्वासहा, वर्षाला शेकडा पंचाहत्तर. ही माणसे उधळी नव्हती. त्यांचा पगार आणि त्यांची गरज एकाच दिवशी घरी येत नसत, आणि त्या दोहोंमधील अंतर सावकार भरून काढी. घरखर्चाच्या पद्धतीचे खरे काम काय, हे या एका आकड्यावरून कळते. पैसा वाचवणे हे तिचे दुय्यम काम होय. येणाऱ्या पैशाची वेळ आणि जाणाऱ्या पैशाची वेळ यांची सांधेजोड करणे हे पहिले.

अशा पाहण्या पुढेही होत राहिल्या, आणि भिलाईतील कामगारांची घरे त्यांच्या कक्षेत आली. सिमल्याच्या श्रम केंद्राकडून काढल्या जाणाऱ्या औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकात भिलाई हे एक केंद्र आहे. १९८२ आणि २००१ या दोन्ही आधारवर्षांच्या मालिकांत त्याचा समावेश होता. याच निर्देशांकाच्या चढउतारावर महागाई भत्ता ठरतो. निर्देशांकात कोणत्या वस्तूला किती भार द्यावयाचा हे कुटुंबांच्या प्रत्यक्ष खर्चावरून ठरवतात. १९६० च्या मालिकेत देशभरच्या सरासरीने अन्नाचा भार ६०.९ होता, २००१ मध्ये तो ४६.२ झाला आणि २०१६ च्या मालिकेत ३९.१७ वर आला. त्याच २०१६ च्या मालिकेत घरासाठी १६.८७, तर शिक्षण, औषधपाणी, प्रवास, दूरध्वनी इत्यादींच्या संकीर्ण गटासाठी ३०.३१ भार आहे.

एंगेलच्या नियमाने पाहता हे समृद्धीचे लक्षण आहे. पण घर चालवणाऱ्याच्या दृष्टीने त्याला दुसरीही बाजू आहे. अन्नाचा खर्च लवचीक असतो; महिनाअखेरीस भाजी बदलता येते, तेल जपून वापरता येते. शाळेची फी, विम्याचा हप्ता, दवाखान्याचे बिल यांना अशी लवचीकता नसते आणि ती बहुधा एकदम येतात. आजीच्या काळी स्वयंपाकघरात दाखवलेल्या काटकसरीने घर सावरत असे. आज तीच काटकसर तितक्याच निष्ठेने केली तरी घर कर्जात जाऊ शकते, याचे कारण हे आहे. सरासरीचा अर्थही येथेच नीट लक्षात घ्यावा. निर्देशांकातील ‘सरासरी कुटुंब’ बोरसीत कोठेही राहत नाही. छापील कोष्टकातील टक्केवारी पाहून ‘आमचा अन्नावरचा खर्च जास्त’ म्हणून खंत करणे व्यर्थ होय.

म्हणून पद्धत निवडण्यापूर्वी एक महिना, शक्य तर दोन, कोणतीही पद्धत न लावता केवळ नोंद करावी. जुन्या दुकानदारांच्या रोजकीर्दीसारखी साधी वही पुरे : तारीख, रक्कम, कशासाठी, आणि कोणी दिले. शेवटचा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो, पण पुढे तोच सर्वांत उपयोगी पडतो. फोनवरून दिलेले पैसे बँकेच्या नोंदीत सापडतात खरे, पण तेथे दुकानाचे नाव असते, वस्तूचे नसते. किराण्याच्या दुकानी दिलेल्या सहाशे रुपयांत तांदूळ किती आणि मुलांचा खाऊ किती, हे वहीलाच सांगावे लागते. या महिन्यात खर्च कमी करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. ताप मोजताना कोणी थर्मामीटर बर्फात बुडवून ठेवत नाही.

महिन्याच्या नोंदीशेजारी वर्षाची नोंद हवी. हिच्याकडे फार दुर्लक्ष होते. मराठी घराच्या पंचांगात गुढीपाडवा, गणपती, दिवाळी असते. छत्तीसगढात राहिल्याने त्यात हरेली आणि पोळ्यापाठोपाठ येणारी तीज यांची भर पडते. तिजेला लेक माहेरी येते, तिला लुगडे द्यावे लागते. शाळा उघडताना फी, गणवेश, पुस्तके. उन्हाळ्यात गावाकडची लग्ने. वर्षातून एकदा विमा, घरपट्टी, दुचाकीची दुरुस्ती. एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. शाळेचा खर्च ३६,००० रुपये, विमा १८,०००, सण २०,०००, भंडाऱ्याकडच्या गावी जाणे-येणे १०,०००, वाहन ६,०००, घरपट्टी व किरकोळ डागडुजी ६,००० अशी बेरीज ९६,००० होते. बाराने भागल्यास दरमहा ८,००० रुपये. दरमहा ४८,००० रुपये हाती येणाऱ्या घराचा सहावा हिस्सा अशा खर्चांना जातो, जे बहुतेक महिन्यांत दिसतच नाहीत. असे घर दहा महिने स्वतःला सुखवस्तू समजते आणि दोन महिने उसनवारी करते. या घराला काटकसरीचा उपदेश करणे म्हणजे पोट दुखणाऱ्याला चष्मा देण्यासारखे आहे. त्याला हवे ते एवढेच, की ८,००० रुपये पगाराच्या दिवशीच दुसऱ्या खात्यात जावेत.

नोंद पूर्ण झाली की स्वतःला जो प्रश्न विचारावयाचा तो ‘सर्वांत चांगली पद्धत कोणती?’ हा नव्हे. ‘या घरातील पैसा कोणत्या वेळी आणि कोणाच्या हातून निसटतो?’ हा आहे. रूढ पद्धती अनेक असल्या तरी त्यांतील प्रत्येक एका विशिष्ट गळतीवरचा उपाय म्हणून जन्मली आहे. ती गळती जेथे नाही तेथे ती पद्धत नुसते ओझे होते.

सर्वांत जुनी आणि घरोघरी परिचित असलेली पद्धत डब्यांची. पैसे हाती येताच त्यांचे वाटे करावयाचे. एक दुधाचा, एक भाजीचा, एक भाड्याचा, एक देवाधर्माचा, आणि ज्या डब्यातील पैसे संपले तो खर्च थांबवावयाचा. पाश्चात्य देशांत हीच रीत पाकिटांची पद्धत म्हणून ओळखली जाते. अर्थशास्त्राच्या कडक तर्काने पाहिले तर ती सदोष आहे, कारण रुपया हा रुपयाच. भाजीच्या डब्यातला आणि भाड्याच्या डब्यातला असा भेद त्याला माहीत नसतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये माणसाच्या मनातील अशा स्वतंत्र खात्यांचे विवेचन केले आणि पुढे २०१७ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. मनुष्य पैशाला चिकटवलेल्या चिठ्ठीचा मान राखतो, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय. डाळीच्या डब्यात नोटा दडवून ठेवणाऱ्या गृहिणीला हे सांगण्यासाठी अर्थात कोणा प्राध्यापकाची गरज नव्हती.

ज्या घरी पैसा रोजच्या बारीकसारीक खर्चात झिरपतो, तेथे डब्यांच्या पद्धतीला तोड नाही. तिच्यात लिहावे लागत नाही, बेरीज करावी लागत नाही, आणि उरलेले पैसे डोळ्यांना दिसतात. परंतु फोनवरून पैसे देण्याची सवय लागल्यापासून तिचे हे बळ कमी झाले आहे, कारण सर्व डब्यांचा मिळून एकच मोठा डबा झाला आहे आणि त्याचा तळ कोणाला दिसत नाही. त्यावर एक सोपा उपाय आहे. रोजच्या खर्चासाठी वेगळे बचत खाते ठेवावे, फोन त्याच खात्याला जोडावा आणि त्यात आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी ठरलेलीच रक्कम टाकावी. आठवड्याची मुदत महिन्याच्या मुदतीपेक्षा पाळायला सोपी जाते. सोमवारी भरलेला डबा शनिवारी रिकामा झाला तर दोनच दिवस कळ काढावयाची असते.

दुसरी पद्धत टक्केवारीची. अमेरिकेत एलिझाबेथ वॉरन आणि अमेलिया वॉरन त्यागी यांनी २००५ मधील आपल्या पुस्तकातून ती लोकप्रिय केली : हाती येणाऱ्या उत्पन्नाचा अर्धा भाग आवश्यक गोष्टींसाठी, ३० टक्के आवडीनिवडीसाठी आणि २० टक्के बचत व कर्जफेडीसाठी. ज्याला नोंदींचा कंटाळा आहे आणि ज्याच्या उत्पन्नात थोडी ऐस आहे, त्याला हे तीन आकडे पुरतात. परंतु हजेरीवरच्या कामगाराला ते लावून पाहावेत. रोजी ४५० रुपये आणि भरलेले दिवस २६ धरले तर महिन्याचे ११,७०० रुपये होतात. नियमाप्रमाणे आवश्यक गोष्टींसाठी ५,८५० रुपये. चार माणसांच्या घरात भाडे, धान्य, इंधन, औषध आणि शाळा मिळून ९,००० लागत असतील, तर उत्पन्नाचा ७७ टक्के भाग तेथेच संपतो. स्वस्त धान्य दुकानातील तांदळाने त्याचा भार हलका केलेला असतो हे खरे, तरीही हिशेब जुळत नाही. अशा मनुष्याच्या मनात या नियमाने केवळ अपराधाची भावना निर्माण होते. दोष मात्र मध्यमवर्गीयांसाठी बेतलेला अंगरखा त्याच्या अंगात घालू पाहणाऱ्याचा आहे.

त्याच्यासाठी वेगळी रीत हवी, आणि ती सरासरीवर नव्हे तर किमान महिन्यावर उभी राहते. पावसाळ्यात किंवा काम मंदावल्यावर हजेरी १८ दिवसांवर आली तर त्याचे उत्पन्न ८,१०० रुपये होते. घरखर्चाचा पाया हाच आकडा. चांगल्या महिन्यातील वरचे ३,६०० रुपये ‘बचत’ म्हणून मानू नयेत. ते पुढच्या तुटीच्या महिन्याचे आगाऊ आलेले पैसे आहेत. ९,००० खर्चाच्या घराला ८,१०० च्या महिन्यात ९०० कमी पडतात, म्हणजे एका चांगल्या महिन्याची वरकड रक्कम तीन वाईट महिन्यांची तूट भरून काढू शकते. कागदावर ही गोष्ट सोपी दिसते. प्रत्यक्षात चांगला महिना आला की उधारी मागणारे, आजारी नातेवाईक आणि मुलांच्या अडलेल्या मागण्या एकदमच दारी येतात. म्हणून ती रक्कम घराबाहेर, टपाल खात्याच्या बचत खात्यात किंवा बचतगटात असणे बरे. राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने १९९२ मध्ये बचतगटांना बँकांशी जोडण्याची योजना सुरू केली, तेव्हापासून या मार्गाला काही आधार आला आहे. मित्रमंडळींच्या भिशीचा उपयोगही असाच होतो. दर महिन्याला पैसे भरण्याची लाज आणि शिस्त ती लावते. पण भिशी चालवणारा पळाला किंवा अडचणीत आला तर दाद मागण्यास फारसा आधार उरत नाही, तेव्हा बुडाली तरी घर चालेल इतकीच रक्कम तेथे घालावी.

हे सारे कशासाठी, ते व्याजाच्या हिशेबावरून कळेल. हातउसने म्हणून खाजगी सावकाराकडून दरमहा शेकडा पाच रुपयांनी घेतलेल्या १०,००० वर महिन्याला ५०० रुपये जातात. म्हणजे एका रोजीपेक्षाही अधिक. महिन्यातला एक पूर्ण दिवस तो मनुष्य सावकाराच्या घरी राबतो, आणि मुद्दल जागच्या जागी राहते. १९२१ च्या मुंबईतील आण्याचा दर आजही नाव बदलून जिवंत आहे. असे कर्ज असलेल्या घराने इतर सर्व पद्धती बाजूला ठेवून प्रथम तेच फेडावे. तोवर बचत करणे म्हणजे एका हाताने वर्षाला शेकडा सहासात मिळवणे आणि दुसऱ्या हाताने शेकडा साठ देणे होय.

आता कायम पगारदाराकडे वळावे. त्याच्यासाठी दोन रीती विशेष प्रचलित आहेत. ‘आधी बाजूला काढा, मग खर्च करा’ ही पहिली. जॉर्ज क्लासन या अमेरिकन लेखकाने १९२६ मध्ये बाबिलोनच्या गोष्टींच्या रूपाने ती सांगितली आणि त्या पुस्तकाचा खप अजून थांबलेला नाही. आपल्याकडे १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने हीच गोष्ट गोष्टीवाचून केली. पगार हातात येण्यापूर्वीच वाटा कापला जातो, आणि न दिसलेला पैसा खर्च होत नाही. आवर्ती ठेवीचा हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापला जाईल अशी सूचना बँकेला देणे हे याच तत्त्वाचे दुसरे रूप. ज्याला हिशेबाची आवड नाही आणि ज्याच्या घरी रोजचा खर्च मुळात आटोक्यात आहे, त्याने एवढेच करावे आणि उरलेले पैसे निर्वेध मनाने खर्चावेत. वही त्याच्यावर लादू नये.

दुसरी रीत अधिक कष्टाची आहे. तिच्यात महिन्याच्या आरंभी प्रत्येक रुपयाला काम नेमून दिले जाते आणि उत्पन्नातून सर्व नेमणुका वजा केल्यावर शून्य उरते. ‘मागच्या महिन्याइतकेच’ हे उत्तर चालत नाही; प्रत्येक बाबीला आपली गरज नव्याने सिद्ध करावी लागते. तिचे मूळ मोठ्या कारखान्यांच्या कारभारात आहे. पीटर पिर यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत ती वापरली, १९७० मध्ये तिच्यावर लेख लिहिला, आणि जिमी कार्टर यांनी प्रथम जॉर्जिया राज्यात व पुढे अध्यक्ष झाल्यावर अमेरिकेच्या केंद्र सरकारात ती आणली. सरकारी कारभारात ती कागदांच्या ढिगाखाली दबली. घरात मात्र ती विशिष्ट वेळी फार उपयोगी पडते. पगार बरा आहे, व्यसन नाही, उधळपट्टी नाही, आणि तरीही वीस तारखेनंतर हात आखडतो, अशा घराने सहा महिने ही पद्धत चालवावी. जुने, विसरलेले हप्ते आणि सवयीने चालू राहिलेली वर्गणी ती हुडकून काढते. सहा महिन्यांनंतर तिची गरज राहत नाही आणि ती सोडून देण्यात काही कमीपणा नाही.

जपानमध्ये हानी मोतोको या महिला पत्रकाराने १९०४ मध्ये घरगुती हिशेबाची छापील वही काढली. ‘काकेइबो’ या नावाने ती परंपरा आजही चालू आहे. महिन्याच्या शेवटी आकड्यांशेजारी थोडा विचारही लिहावयाचा, हे तिचे वैशिष्ट्य. ज्याला डायरी लिहिण्याची सवय आहे त्याला ती भावते. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या, रात्रपाळीहून सकाळी परतणाऱ्या मनुष्याकडून मात्र अशा चिंतनाची अपेक्षा करणे फारसे व्यवहार्य नाही.

दुकानदाराच्या घरी प्रश्न पद्धतीचा नसून सीमेचा असतो. गल्ला आणि घर यांच्यात भिंत नसेल तर कोणतेही अंदाजपत्रक टिकत नाही. त्याने स्वतःला पगार द्यावा. मंदीच्या महिन्यातही दुकान जो देऊ शकेल असा ठरावीक पगार, ठरावीक तारखेला. त्यानंतर घराला कोणतीही पगारदाराची पद्धत चालते. मुलाने गल्ल्यातून घेतलेले वीस रुपये आणि कपाटातून घरी नेलेला साबण हेही लिहून ठेवावे लागते. पहिल्या महिन्यात त्यावरून घरात कुरबुर होते.

सर्वांत मोठी जोखीम निवृत्त माणसाची असते, आणि नेमका त्यालाच ‘आता कसला हिशेब?’ असे वाटते. १९७२ च्या कायद्याने रूढ केलेल्या सूत्राप्रमाणे उपदान म्हणजे नोकरीच्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचे वेतन. त्यात भविष्य निर्वाह निधीची रक्कम मिळवली की मोठा आकडा होतो. त्याच सुमारास कारखान्याच्या नगरातील सदनिका सोडून बाहेर घर करावयाचे असते, मुलीचे लग्न व्हावयाचे असते, आणि मुलाला धंद्यासाठी भांडवल हवे असते. समजा, हाती २४ लाख रुपये आले. वर्षाला ८ टक्के व्याज धरले तर १,९२,००० रुपये, म्हणजे महिन्याला १६,०००. माडी चढवण्यास ६ लाख आणि लग्नास ५ लाख गेले तर १३ लाख उरतात आणि महिन्याचे व्याज ८,६६६ वर येते. म्हणजे त्या दोन निर्णयांची किंमत ११ लाख नव्हे. ती यापुढील आयुष्यभर दरमहा ७,३३४ रुपये आहे. निर्णय तोच घेतला तरी चालेल, पण तो या भाषेत मांडून घ्यावा. मुलीलाही तो त्याच भाषेत सांगावा; अनेकदा तीच लग्नाचा खर्च कमी करावयास सुचवते.

निवृत्तिवेतनावर भिस्त ठेवणाऱ्यांनी १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे सूत्र एकदा पाहावे : निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागावयाचे. २०१४ मध्ये ठरलेल्या १५,००० रुपयांच्या मर्यादेवर ३५ वर्षांची सेवा मोजली तर महिन्याला ७,५०० रुपये होतात. म्हणून निवृत्ताची पद्धत पगारदाराच्या उलट दिशेने चालते. पगारदार उत्पन्नातून भांडवल तयार करतो. निवृत्ताने भांडवलातून स्वतःचा पगार तयार करावयाचा असतो. २००४ पासूनची ज्येष्ठ नागरिक बचत योजना तिमाहीस व्याज देते, त्यामुळे त्या रकमेचे तीन भाग करून महिन्याचा पगार बांधता येतो. एक खबरदारी हवी. सारे व्याज खाऊन टाकले तर महागाई दरवर्षी त्या पगाराचा लचका तोडते. महागाई भत्ता आता मिळावयाचा नसतो. व्याजाचा काही अंश, निदान पहिल्या दहा वर्षांत, पुन्हा मुद्दलात घातलाच पाहिजे. आणि दवाखान्यासाठीची रक्कम या सर्वांतून वेगळी, लगेच काढता येईल अशी ठेवावी.

पद्धत कोणतीही असो, तिला घरातील दुसऱ्या माणसाची संमती लागते. नोंदवहीतील ‘कोणी दिले’ या रकान्याचा उपयोग येथे होतो. पुष्कळ घरांत पुरुष मोठे खर्च करतो आणि स्त्री लहान; हिशेब मात्र लहान खर्चांचाच मागितला जातो. नवऱ्याने आखलेले आणि बायकोने पाळावयाचे अंदाजपत्रक तिसऱ्या महिन्यात कोलमडते, यात नवल नाही. गावी राहणाऱ्या आईवडिलांना पाठवण्याचे पैसे हाही असाच नाजूक विषय. कोणत्याही छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नसतो. विदर्भातून आलेल्या कित्येक घरांत मात्र ती भाड्याइतकीच बांधील बाब असते. तिला ‘इतर’ या सदरात लपवल्यास दोघांपैकी एकाला ती खुपत राहते. उघड रक्कम ठरवून सर्वांत वर लिहिल्यास वाद एकदाच होतो. त्याचप्रमाणे प्रत्येकाच्या हाती अशी एक छोटी रक्कम असावी जिचा हिशेब कोणी विचारणार नाही. पानठेल्यावर जाणारे पैसे आणि तिजेची बांगडी यांची झडती घेणारे अंदाजपत्रक घराला नकोसे होते.

निवडलेली रीत जुळली की नाही हे ठरवण्यास तीन महिने लागतात. पहिला महिना उत्साहाचा असल्याने त्याची साक्ष ग्राह्य धरू नये. तिसऱ्या महिन्यातही वही लिहिली जात असेल किंवा डबे भरले जात असतील, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उधारीचे खाते उघडावे लागले नसेल, आणि पैशाच्या बोलण्याने आवाज चढत नसेल, तर ती पद्धत त्या घराची झाली. वही पंधरा दिवस कोरी राहिली असेल तर स्वतःला आळशी ठरवण्यापूर्वी कमी लेखनाची पद्धत घेऊन पाहावी. खर्च लिहिला जातो पण थांबत नाही, असे असेल तर वही सोडून डब्यांकडे वळावे. आणि उत्पन्नाचा ताल बदलला की पद्धतही बदलावी : हजेरीवरचा मनुष्य कायम झाला, पगारदाराने दुकान टाकले, धाकट्याचे शिक्षण संपले, किंवा निवृत्तीला दोन वर्षे उरली. या शेवटच्या बाबतीत तर बदल आधीच करावा. निवृत्तीनंतर जितक्या रकमेत घर चालवावे लागणार आहे, तितक्यातच ते नोकरीत असताना सहा महिने चालवून पाहावे आणि उरलेला पगार बाजूला ठेवावा. न जमल्यास माडीचे काम अजून थांबवता येते.